चंद्राची साक्ष

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या ग्रंथाची सुरुवात कशाने होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १३ एप्रिल १९४४ ही तारीख घालून लिहिलेल्या त्या पहिल्या प्रकरणात सर्वांत आधी येते ती चंद्रकोर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्यात आणल्यावर दिसलेली कोवळी कोर आणि पुढे दर महिन्याला नव्याने उगवणारा तो चंद्र म्हणजे कैदेतला आणखी एक महिना सरल्याची खूण, असे त्यांनी लिहिले आहे. हजारो वर्षांच्या इतिहासाचा धांडोळा घ्यायला बसलेल्या माणसाला आरंभी आधार घ्यावासा वाटला तो आकाशातल्या या कोरीचा.

यात नवल काही नाही. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या हुकमाने उगवतो आणि मावळतो, त्याला स्वतःचा महिना मोजता येणे हाच मोठा दिलासा असतो. हे मर्म फार पूर्वी एका समाजाने ओळखले आणि त्याचे धर्मकृत्यच करून टाकले. तो समाज म्हणजे यहुदी. मिसर देशात इस्राएल लोक गुलामगिरीत होते, सुटका अजून व्हायची होती, त्या वेळी एक समाज म्हणून त्यांना जी पहिली आज्ञा झाली ती महिन्यांची गणना सुरू करण्याची होती, असे त्यांचे धर्मग्रंथ सांगतात. गुलामाचा वेळ धन्याचा असतो. स्वतःचा महिना स्वतः ठरवणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी, असा अर्थ यहुदी पंडितांनी या आज्ञेचा लावला आहे.

हा विषय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. या समाजाची एक मराठी बोलणारी शाखा शतकानुशतके आपल्या शेजारी नांदत आली आहे. कोकणातले बेने इस्राएल, अर्थात आपल्या आजी-आजोबांच्या बोलीतले ‘शनवार तेली’, ते हेच. त्यांची नवमासाची प्रार्थना काय असते, ती कशी टिकली आणि तिच्यातून आपल्याला काय घेण्यासारखे आहे, याचा आज थोडा विचार करू.

महिन्याचे मस्तक

यहुदी महिन्याच्या पहिल्या दिवसाला हिब्रू भाषेत ‘रोश खोदेश’ म्हणतात. रोश म्हणजे मस्तक. ‘खोदेश’ म्हणजे महिना, आणि हा शब्द ‘नवे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यांचा महिना आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो आणि त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे आपल्या पंचांगात ज्या दिवशी ‘चंद्रदर्शन’ छापलेले असते, त्याच्या आगेमागेच त्यांचा नवा महिना लागतो. महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३० दिवसांचा. मावळता महिना ३० दिवसांचा असेल तर त्याचा अखेरचा दिवस आणि नव्या महिन्याचा पहिला दिवस असे दोन्ही दिवस रोश खोदेश म्हणून पाळतात.

या दिवसाची चाहूल आधीच्या शनिवारीच लागते. शब्बाथच्या सकाळी तोरा वाचून झाल्यावर सगळी मंडळी उभी राहतात आणि येणारा महिना कोणता, तो कोणत्या वारी लागणार, हे सभेत जाहीर होते. चंद्राच्या नव्या जन्माची वेळ तास, मिनिटे आणि तासाच्या १०८० व्या हिश्शापर्यंत सांगण्याचीही रीत आहे. मग पूर्वजांच्या सुटकेचे स्मरण होते आणि विखुरलेल्यांना एकत्र आण, येणारा महिना सुखाचा आणि अन्नधान्याचा जावो, असे मागणे होते. अशी घोषणा वर्षातून एकाच महिन्याची होत नाही, ती तिश्री महिन्याची. त्याचा पहिला दिवस म्हणजे खुद्द नववर्षाचा सण. त्याची आठवण कोणाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

प्रत्यक्ष रोश खोदेशच्या दिवशी नेहमीच्या प्रार्थनेत ‘हल्लेल’ ही स्तोत्रे म्हणतात, परंतु मोठ्या सणाला म्हणतात तशी पूर्ण नव्हे, काही भाग वगळून. तोरामधला, जुन्या मंदिरात नवचंद्राला होणाऱ्या अर्पणांचा भाग वाचला जातो. ‘मुसाफ’ नावाची जादा प्रार्थना होते आणि जेवणानंतरच्या आभारातही या दिवसाचा खास उल्लेख येतो. या दिवशी उपास करायचा नाही, शोकाची भाषणे करायची नाहीत. उलट आदल्या दिवशी काही भाविक उपास करून महिन्याभरातल्या चुकांबद्दल क्षमा मागतात. सोळाव्या शतकात गालील प्रांतातल्या साफेद गावी ही रीत रुळली. हिशेब आदल्या दिवशी चुकता करायचा आणि नवा महिना कोऱ्या पाटीने सुरू करायचा, असा हा घरगुती शहाणपणा आहे.

पुढे कोर जरा मोठी झाली की, तिसऱ्या किंवा सातव्या दिवसानंतर पण पौर्णिमेच्या आत, बहुधा शब्बाथ संपल्यावर शनिवारी रात्री, मंडळी उघड्यावर येऊन चंद्राकडे पाहून आशीर्वचन म्हणतात. टाचा उचलून चंद्राकडे झेपावल्यासारखे करतात आणि शेजारी उभ्या असलेल्यांना तीन वेळा ‘शालोम अलेखेम’ म्हणजे ‘तुम्हांस शांती असो’ असे म्हणतात. हे वाचून आपल्याला भाऊबीज आठवावी. ज्या बहिणीला भाऊ नाही, ती आपल्याकडे अंगणात येऊन चंद्राला ओवाळते. चांदोबाला मामा आपण उगाच नाही केले. आकाशातल्या त्या गोळ्याशी माणसाने नाते जोडले आहे, ते इथेही आणि तिथेही.

साक्षीदारांनी ठरवलेला महिना

आज हे महिने गणिताने ठरतात. पण जेरुसलेमचे मंदिर उभे होते त्या काळी, आणि नंतरही काही शतके, महिना ठरे तो साक्षीदारांच्या तोंडच्या शब्दावर. ज्याने कोर पाहिली त्याने न्यायसभेपुढे जाऊन साक्ष द्यायची. त्यासाठी शब्बाथच्या दिवशीसुद्धा प्रवासाची मुभा असे. साक्षीदार पुढच्या वेळीही आनंदाने यावेत म्हणून त्यांच्यासाठी जेवणावळी घालीत. मग उलटतपासणी होई. कोर सूर्याच्या उत्तरेला होती की दक्षिणेला? किती उंच होती? टोके कोणत्या बाजूला होती? रब्बान गमलिएल या आचार्याने तर आपल्या माडीवर चंद्राच्या निरनिराळ्या आकारांची चित्रे लावून ठेवली होती. खेड्यातून आलेल्या माणसाला शब्द सापडले नाहीत तर तो चित्रावर बोट ठेवी. साक्ष पटली की सभेचा प्रमुख महिना पवित्र झाल्याचे जाहीर करी आणि जमलेले सगळे लोक तोच शब्द दोनदा उच्चारीत. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर मशाली पेटत आणि ही वार्ता शिखरावरून शिखरावर बाबिलोनपर्यंत पोचे. पुढे वैर धरणाऱ्यांनी भलत्याच दिवशी मशाली पेटवून घोटाळा केला, तेव्हा निरोपे धाडण्याची पद्धत आली. निरोप दूरदेशी वेळेत पोचेना, म्हणून तिथले लोक चूक टाळण्यासाठी मोठे सण दोन दोन दिवस पाळू लागले. इस्राएलच्या बाहेर ही चाल अद्याप आहे.

याच गमलिएलची एक गोष्ट मिश्ना या ग्रंथात आली आहे. एकदा दोन साक्षीदारांनी कोर पाहिल्याचे सांगितले, पण दुसऱ्या रात्री चंद्र कोणालाच दिसला नाही. साक्ष खोटी आहे, असे रब्बी यहोशुआ या थोर पंडिताचे मत पडले. गमलिएलने साक्ष मान्य केली होती. आता दोघांच्या हिशेबाने प्रायश्चित्ताचा महादिवस, योम किप्पूर, दोन वेगळ्या दिवशी येणार! गमलिएलने यहोशुआला निरोप धाडला की, तुझ्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी हातात काठी आणि कमरेला पैशाची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे त्या पवित्र दिवशी जे करायचे नाही नेमके तेच कर. यहोशुआ फार दुःखी झाला. मित्रांनी समजूत घातली आणि अखेर तो काठी घेऊन, पिशवी घेऊन गेला. गमलिएल उठून उभा राहिला, त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्याला आपला गुरू आणि शिष्य म्हणून या म्हणाला. ज्ञानाने गुरू आणि माझा शब्द मानलास म्हणून शिष्य.

या गोष्टीचा अर्थ ‘वरिष्ठांपुढे मान तुकवा’ एवढाच नव्हे. यहोशुआचे गणित कदाचित बरोबरही असेल. पण सगळ्यांचा उपास एका दिवशी होणे हे एकट्याचे गणित बरोबर ठरण्यापेक्षा मोठे आहे, हे त्याने मानले. आणि गमलिएलनेही, जिंकल्यावर, हरलेल्याचे मस्तक चुंबले. आपल्याकडे एकादशी आज की उद्या, चंद्र दिसला की नाही, यावरून घराघरात आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात वाद होतात, त्या वेळी ही दोन माणसे आठवावीत.

पुस्तक गेले, तिथी राहिली

आता कोकणात येऊ. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावी पुरले. वाचलेल्यांची धर्मपुस्तके समुद्रात गेली. ते खेड्याखेड्यांतून वसले, तेलघाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली झाले. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर. भाषा मराठी, वेश मराठी, आणि ओठांवर हिब्रूतली एकच प्रार्थना उरली, ‘शेमा’.

पुस्तक नव्हते तरी सण होते. त्या सणांना त्यांनी मराठी नावे दिली. नववर्षाचा तो ‘नवियाचा सण’. योम किप्पूरला दारे लावून घरात उपास करायचा, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवसाचा ‘शिळा सण’. खिरीचा एक सण. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी बिरडे खात, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. आणि एस्तेर राणीच्या आठवणीचा पुरीम हा सण फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणून त्याचे नाव झाले ‘हुळीचा सण’!

हे शेवटचे नाव नीट पाहण्यासारखे आहे. यहुदी पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर आहे. महिना चंद्राचा, पण ऋतू सुटू नयेत म्हणून अधूनमधून जादा महिना धरायचा. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने हे त्यांचे सूत्र आहे आणि आपल्या अधिकमासाचे प्रमाणही जवळजवळ तेच पडते. म्हणून त्यांचे सण आणि आपले सण बहुतेक वर्षी हातात हात घालून येतात. त्यांचे नववर्ष आणि आपली घटस्थापना, त्यांचा मांडवांचा सण सुक्कोथ आणि आपली कोजागरी, त्यांचा पेसाह आणि आपली चैत्री पौर्णिमा. अधिक महिना दोघांचा वेगळ्या वर्षी आला तर एखादा महिना मागेपुढे होतो, एवढेच. २०२४ साली होळी आणि पुरीम दोन्ही २४ मार्चलाच आले. ज्यांच्याजवळ हिब्रू पंचांग नव्हते त्या खेडुतांना भोवतालच्या शेजाऱ्यांची तिथी किती उपयोगी पडली असेल, हे त्या ‘हुळी’ शब्दातच लिहिलेले आहे.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी पंडित कोकणात आला. हे खरोखर आपले बांधव का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे टोपलीभर मासळी ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. धर्मशास्त्राचा नियम हाच. पुस्तके बुडाली होती, पण ज्ञान चुलीपाशी जिवंत होते! ही कथा त्या समाजात आवडीने सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे.

मग प्रार्थनामंदिरे उभी राहिली. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदर हे नाव त्याच्यावरूनच पडले असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथे सिनेगॉग झाले. अलिबागच्या वस्तीला तर इस्राएल आळी हेच नाव पडले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मुंबईकडच्या शाळांत बेने इस्राएल शिक्षक होते, त्याच मिशनने १८३१ साली अहमदनगरला आपले काम सुरू केले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना एकच प्रार्थना पाठ होती, त्यांच्या हाती शंभर वर्षांत सगळी प्रार्थना आली आणि तिचा अर्थ मराठीत आला.

नगरच्या दरबारातला वैद्य

अहमदनगरचा या कथेशी आणखी एक धागा आहे. चौलचे बंदर आणि त्याच्या आसपासचा मुलूख सोळाव्या शतकात नगरच्या निजामशाहीच्या अमलाखाली होता. त्याच काळात पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही आणि वैद्य म्हणून गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज नगरला येत असे. १५३४ साली तो हिंदुस्थानात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि पुढे युरोपभर गाजला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते.

हा ओर्ता जन्माने यहुदी घराण्यातला. पोर्तुगालमध्ये यहुद्यांना बळाने ख्रिस्ती करण्यात आले, त्यांतल्या कुटुंबांपैकी त्याचे एक. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आले. ओर्ता १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून काढून जाळल्या.

आणि गुप्त यहुदी ओळखायचा कसा, तर त्याच्या दिवसांवरून. शनिवारी कोणी धुतलेले कपडे घातले, शनिवारी कोणाच्या घरी काम थांबले, कोणत्या दिवशी कोणी जेवले नाही, यावर शेजाऱ्यांनी नजर ठेवायची आणि कळवायचे. माणसाचा धर्म हिरावून घ्यायचा तर आधी त्याचा वार आणि त्याचा महिना हिरावून घ्यावा लागतो, हे जुलूम करणाऱ्यांना नेहमीच कळत आले आहे. त्याच सुमारास नगरच्या सुलतानाच्या मुलखात, कोकणच्या खेड्यात, शनवार तेली उजळ माथ्याने घाणा बंद ठेवत होता. शेजाऱ्यांनी त्याचे नावच त्यावरून ठेवले, चुगली मात्र केली नाही. गोवा तिथून काही फार दूर नाही. आपल्या मातीविषयी अभिमान बाळगावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत ही एक आहे.

सरकारी महिना आणि आपला महिना

महिना बरोबर असणे आणि महिना पाळला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून शक कालगणनेवर आधारलेले राष्ट्रीय पंचांग अमलात आले. शास्त्राच्या दृष्टीने ते सुबक आहे. आकाशवाणीवर आणि सरकारी राजपत्रात ती तारीख येते. पण त्या पंचांगाचा चैत्र लागला म्हणून कोणाच्या घरी गुढी उभारली गेली? उलट टिळक पंचांग मानणारी काही घरे आहेत. एखाद्या वर्षी त्यांचा गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. गावात आरतीला दुसरे कोणी नसते, तरी ती बसवतात.

महिना हा आकाशात असतो, गणितातही असतो. पण माणसे जमून ‘लागला’ म्हणेपर्यंत तो आपला होत नाही. यहुद्यांनी हे ओळखले, म्हणून गणित हाती आल्यावरही त्यांनी घोषणा सोडली नाही. त्यांच्या गणिताचा सरासरी महिना २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त आहे. आजच्या खगोलशास्त्राशी त्याचा फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास! इतके अचूक पंचांग छापून खिशात ठेवले तरी चालले असते. तरीही दर महिन्याला उभे राहून, एकमेकांच्या साक्षीने, नवा महिना मोठ्याने सांगायचा. नाहीतर दिनदर्शिकेचे पान उलटते, पगार होतो, हप्ता कापला जातो आणि महिना कधी आला नि गेला ते कळतही नाही.

बाईची सुटी

या दिवसाची आणखी एक चाल वाचकांच्या घरातल्या गृहिणींनी ऐकण्यासारखी आहे. रोश खोदेश हा विशेषेकरून बायकांचा दिवस मानतात. त्या दिवशी त्यांनी शिवणटिपण, विणकाम, धुणे अशी कष्टाची कामे करू नयेत, असा जुना प्रघात आहे. कथा अशी की, रानात सोन्याचे वासरू घडवण्यासाठी पुरुषांनी दागिने मागितले, तेव्हा बायकांनी ते द्यायला नकार दिला. त्याचे बक्षीस म्हणून त्यांना हा दिवस मिळाला. चंद्राची साक्ष द्यायला बायकांना परवानगी नव्हती, हेही खरे. पण सुटी त्यांना मिळाली.

सुटीवरून व्यापाऱ्याचे आणि धर्माचे भांडण तितकेच जुने आहे. नवचंद्राचा दिवस कधी सरतो आणि आपण धान्य विकायला कधी मोकळे होतो, याची वाट पाहणाऱ्या आणि मग माप लहान करून, तराजू खोटा धरून गरिबाला नाडणाऱ्या व्यापाऱ्यांना आमोस या संदेष्ट्याने झोडपले आहे. म्हणजे त्या दिवशी बाजार बंद असे.

आपल्याकडेही अमावास्येला बैलांना जुंपत नसत. नगर जिल्ह्यात आजही अमावास्या शनिवारी आली की शनिशिंगणापूरला माणसांचा पूर लोटतो. श्रावणी अमावास्येला बैलपोळा होतो, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणे पाप. बैलाला सुटी देण्याची बुद्धी आपल्या पूर्वजांना होती. पण याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास जी ऊसतोडणीची कुटुंबे बाहेर पडतात, त्यांचा महिना कोणता? नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. पट्टा पडेपर्यंत त्या कोयत्याला ना अमावास्या, ना पौर्णिमा. पहाटे फडात जाणारी आणि रात्री गाडी भरून आल्यावर चूल पेटवणारी बाई सुटी कोणाकडे मागणार? महिन्यातून एक दिवस कष्टातून मोकळा असावा, हा यहुदी बायकांचा हक्क धर्माच्या नावाने दोन हजार वर्षे टिकून आहे. आपल्या सहकाराच्या जिल्ह्यात तो कराराच्या कागदावर तरी यायला काय हरकत आहे?

दहा माणसांचा प्रश्न

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. यहुदी सार्वजनिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची गणसंख्या लागते. ती नसेल तर माणूस एकट्याने स्तोत्रे म्हणू शकतो, पण तोराचे सार्वजनिक वाचन होत नाही. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत बेने इस्राएलांतले बहुसंख्य लोक तिकडे गेले. कोणी हाकलले म्हणून नव्हे, तर शतकानुशतके प्रार्थनेत मागितलेले दार उघडले म्हणून. तिथे ते मराठी विसरले नाहीत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमध्ये चालवले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी साडेचार हजारांच्या आसपास भरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबई, ठाणे, पुण्यात प्रार्थना चालते. कोकणातल्या लहान गावी मात्र दहावा माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते.

तो दहावा माणूस आपण होऊ शकत नाही. तो धर्म त्यांचा आहे, प्रार्थना त्यांची आहे. पण शेजाऱ्याला करता येण्याजोगे पुष्कळ असते. त्यांच्या मराठी प्रार्थनापुस्तकांच्या, नियतकालिकांच्या जुन्या प्रती कपाटांत, माळ्यांवर पडून आहेत. तो मराठी वाङ्मयाचाच एक भाग आहे, असे मानून आपल्या विद्यापीठांनी आणि जिल्हा ग्रंथालयांनी त्या जमवायला हव्यात. अल्पसंख्याक दर्जा देऊन सरकार मोकळे झाले, पण परीक्षांचे वेळापत्रक आखताना योम किप्पूरची तारीख कोणी पाहते काय? शाळेत होळीची माहिती सांगताना गुरुजींनी ‘हुळीच्या सणा’ची गोष्ट सांगितली तर मुलांना दोन्ही सण अधिक आवडतील. अलिबागला सहलीला जाणाऱ्यांनी किल्ला आणि किनारा पाहून झाल्यावर इस्राएल आळीतून एक चक्कर मारावी.

आणि एक काम तर घरबसल्या होण्यासारखे आहे. येत्या अमावास्येनंतर पंचांगात चंद्रदर्शनाचा दिवस पाहून ठेवावा आणि त्या संध्याकाळी मुलांना घेऊन गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या माळावर जावे. पश्चिमेला, सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ, क्षितिजालगत ती बारीक कोर दिसते. शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात ती चटकन सापडत नाही, शोधावी लागते. कोणाला आधी दिसते, टोके कोणत्या बाजूला आहेत, सूर्याच्या उजवीकडे की डावीकडे, हे मुलांना विचारावे. गमलिएलने साक्षीदारांना हेच प्रश्न विचारले होते.